एक फुटलेलं मत

मल्लनवाडी
९ ऑक्टोबर

अण्णा, शरणु.

पाकीट बघून दचकू नकोस, घरात कोणी आजारी नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून टपाल. सरकारी कचेरीच्या पत्त्यावर गेलेल्या पाकिटावर कोणीतरी शिक्का मारतं आणि ते ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवतं, एवढा भरवसा मला तुझ्या अर्थखात्याबद्दल आहे. मराठीत लिहिते आहे, म्हणजे बेंगळुरूत तुझ्या आसपासचं कोणी वाचणार नाही. चौथीपर्यंत मराठी शाळेत घातल्याबद्दल अप्पांना आपण दोघांनी नावं ठेवली, त्याचा असा उपयोग होतो.

अप्पांनी रस्त्याकडचं रान विद्यापीठाच्या केंद्राला दिलं, त्या दिवशी तू भांडून गेलास तो गेलासच. तेव्हा निवडणूक तोंडावर होती, सरकार रोज एक घोषणा करत होतं, त्यातलं एक नवं विद्यापीठ आपल्या भागाला मिळालं आणि त्याचं एक केंद्र आपल्या गावाला. बँड लागला, फीत कापली, अप्पांच्या गळ्यात हार पडला. तू म्हणालास की घोषणेला अनुदान लागत नाही, पगाराला लागतं. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं. आज तर पत्र्याच्या चार खोल्या आहेत, पुस्तकांचं एक कपाट आहे, कायमचा मास्तर एकही नाही. आम्ही सगळे गेस्ट लेक्चरर, म्हणजे पाहुणे. इतके दिवस राहणारा पाहुणा दुसऱ्या कुठल्या घरात कोणी ठेवून घेतला नसता. पण नवऱ्याच्या घरून मी परत आले तेव्हा हीच नोकरी हाताशी होती, हे तुला माहीत आहे.

आता सरकार दुसरं आहे आणि त्याच्या समितीने म्हटलं आहे की पैसा नाही, असली केंद्रं गुंडाळावीत. ती टिप्पणी तुझ्या विभागातून गेली असं ऐकते. तू लिहिलीस का, हे विचारत नाही. फक्त एवढं सांगते की माझ्या वर्गात उमाजी धनगराची पोरगी प्रतीक्षा आहे. एम.ए.चं शेवटचं वर्ष. उमाजी तिला पाठवतो, कारण पोरगी चालत जाते आणि दिवस मावळायच्या आत घरी येते. केंद्राला कुलूप लागलं तर तो तिला कलबुर्गीला ठेवणार नाही. सोयरीक सांगून आलेली आहे, ती तो पुढे ढकलतो आहे ते केवळ या वर्षासाठी.

आपले आमदार खासदार झाले, त्यामुळे पोटनिवडणूक लागली, हे तुला पेपरातून कळलंच असेल. सरकारच्या पक्षाने महेशकुमारला उभं केलं आहे. परवाच्या रविवारी तो मल्लय्याच्या देवळात आला. गावाने त्याला सांगितलं, केंद्राचं बोल, मग मताचं बोलू. तो हुशार आहे, केंद्र कायम ठेवतो म्हणाला नाही. म्हणाला, "आत्ता शिकायलेली पोरं पास होईस्तोर कुलूप लागणार न्हाई." आणि त्याने देवापुढचा भंडारा उचलला.

मग गावाने उचलला. आपल्या लोकांनी बेल, धनगरांनी भंडारा, शपथ एकच. एका घराच्या वतीने एक कर्ता पुरुष. आम्ही बायका पायरीखाली उभ्या होतो, आम्हाला कोणी विचारत नाही, त्यामुळे आमच्यावर पापही येत नाही. अप्पांनी घरातल्या सगळ्या मतांची शपथ घेतली. त्यात तुझंही धरलं. तुझं नाव अजून इथल्याच यादीत आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रतीक्षाने विचारलं, "मॅडम, मतदान गुप्त असतंय म्हणून तुमीच शिकवलाव. मग देवळात सांगून टाकल्यावर गुप्त काय ऱ्हायलं?" मी म्हटलं, परीक्षेत गुप्त असंच लिही. सगळे हसले. हा प्रश्न दुपारपर्यंत गावभर झाला.

शैलश्री वैनींना विचारलं म्हणून सांग.

भुवी


मल्लनवाडी
६ नोव्हेंबर

अण्णा,

काल रात्री बस स्टँडवर तू दिसलास, तेव्हा आधी मला वाटलं, दिवसभराच्या ड्युटीने डोळ्यांपुढे काहीही यायला लागलं आहे. दुसऱ्याच एका गावच्या मतदान केंद्रावर पहाटेपासून बसून मी लोकांच्या बोटांना शाई लावली होती, आणि मशीन तालुक्याला जमा करून घरची गाडी शोधत होते. तू बेंगळुरूची शोधत होतास. आपण दोघं एकाच घरचे आणि दोन दिशांच्या फलाटांवर, हे बघून मला हसू आलं होतं. तुला राग आला.

चहा पिताना जे बोललो ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी बदलायला नको. मी विचारलं, घरी कामून आला न्हाईस. तू म्हणालास, मताला आलतो. मग मी शपथेचं पत्र मिळालं का विचारलं. मिळालं म्हणालास. आणि मग कपातल्या चहाकडे बघत म्हणालास, "शपथ अप्पांनी उचलली, म्या न्हाई. जी निवडणूक विद्यापीठ देती, तीच काढून बी नेती. दर बारीला देवापुढं जाऊन मागायलाव. एका माणसानं तरी न्हाई म्हणाया पायजे का न्हाई?"

हे मला आवडलं, हे तेव्हा बोलले नाही, आता लिहिते. एवढं बोलायला माणूस रजा काढून, रात्रभर बसमध्ये अंग आखडून येतो, बटण दाबतो आणि तसाच परत जातो, हे आपल्या घराण्याला शोभणारं आहे. फक्त एक. तू न्हाई म्हणालास ते कोणाला ऐकू आलं नाही. मशीनचा आवाज सगळ्यांसाठी सारखाच होतो.

उलट झालं आहे. घरी पोचले तर अप्पा कट्ट्यावर, धुतलेलं धोतर, भोवती चार माणसं. बूथवरच्या एजंटाने तुला पाहिलं. गावाने त्याचा अर्थ लावला की महादेवप्पाचा मुलगा बापाच्या शपथेसाठी बेंगळुरूहून धावत आला. ज्याने त्याने येऊन अप्पांना हे सांगितलं. गेल्या तीन वर्षांत त्यांनी तुझं नाव तोंडातून काढलं नव्हतं, काल निंगप्पा न्हाव्यापासून सगळ्यांना स्वतःहून सांगत होते. अव्वाने विचारलं, माझं लेकरू आलं तर घरी का नाही आलं. अप्पा म्हणाले, "ड्युटी असती त्याला. मोठा साहेब हाय त्यो." तुला त्यांनी साहेब म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी हातपाय धुतले आणि जेवायला बसले.

भुवी


मल्लनवाडी
२० नोव्हेंबर

अण्णा,

महेशकुमार निवडून आला. चांगल्या फरकाने आला. इतक्या चांगल्या, की आपल्या गावावाचूनही आला असता.

पण बूथवार आकडे आता सगळ्यांना मिळतात. आमचा बूथ लहान, विरोधकाला तर बूथवर बसवायला एजंटसुद्धा चिटगुप्प्याहून आणावा लागला होता. मोजणीत आपल्या बूथवर त्या विरोधकाला एक मत पडलं. नोटाला दोन-तीन गेली, ती नजर गेलेल्या म्हाताऱ्यांच्या नावावर खपली. पण ते एक मत कोणाच्याही नावावर खपेना.

महेशकुमारचा माणूस अमृतप्पा कागद घेऊन आला. गोड बोलतो. साहेबांनी भंडारा उचलला तो गावाच्या भरवशावर, म्हणाला. गावाचा शब्द अख्खा असेल तर साहेबांचा अख्खा. तुमचा फुटला असेल तर साहेबांवर बंधन कसलं? आधी कोणी फोडला ते तुम्ही शोधा, मग साहेब बेंगळुरूत केंद्राचं बोलतील. फरकाची मतं हजारांत आणि हा एकाच्या मागे लागला आहे. मी राज्यशास्त्र शिकवते, मला हे समजायला हवं होतं. एका मताने सरकार येत-जात नसतं, पण दिलेला शब्द मोडायला तेवढंच पुरतं.

आता संशय कोणावर आला असेल, ते तुला बेंगळुरूत बसूनही सांगता येईल. वर्गात प्रश्न विचारला कोणी? प्रतीक्षाने. यादीत नवंच नाव कोणाचं? तिचं. आपल्या लोकांना धनगरांचं घर सोयीचं वाटलं आणि धनगरांनाही त्यांच्याच वाड्यावरचं एक घर देऊन मोकळं व्हावं असं वाटलं. तुझ्यावर संशय येत नाही. तू तर शपथेसाठी आलास.

गावाने ठरवलं, सगळ्यांनी पुन्हा बेलभंडारा उचलायचा. बाकीच्यांनी उचलला. अप्पांनीही उचलला, अण्णा. न डगमगता, माझ्या घरातलं एक बी मत फुटलं न्हाई, असं म्हणून. उमाजी तेवढा अडून बसला. त्याचं म्हणणं, एकदा उचलला तो उचलला. दुसऱ्यांदा हात लावला तर पहिला खोटा होता असं होतं, देवाला काय बहिरा समजता का. मला विचारशील तर सबंध देवळात शपथेचा अर्थ त्या एकट्याला कळत होता. पण जो उचलत नाही तो चोर, असं गावाचं गणित झालं. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी शेवटची बैठक आहे. त्यात त्याने उचलला नाही तर धनगरांच्या वाड्यावरचं कोणी त्याच्याकडे जाणार नाही. सोयरीकवाल्यांनी निरोप पाठवला आहे की लग्न आत्ताच करा नाहीतर सोडा. प्रतीक्षा कालपासून वर्गाला आलेली नाही.

मला राग आला आहे. अमृतप्पाचा नाही, तो त्याचं काम करतो. तुझा आला आहे. तुला न्हाई म्हणायचं होतं ना, मग आता म्हण. दोन ओळी अप्पांच्या नावाने पाठव, मत माझं होतं म्हणून. तू गावात राहत नाहीस, तुझं पाणी कोण तोडणार? तुझ्या तत्त्वाचं भाडं एका पोरीने का भरावं?

रविवारच्या आत पत्र पोचायला हवं. स्पीड पोस्टाने पाठव.

भुवनेश्वरी


मल्लनवाडी
२ डिसेंबर

अण्णा,

तुझं पत्र आलं नाही. शनिवारपर्यंत मी पोस्टमनची वाट अडवून उभी राहत होते, त्यालाही लाज वाटायला लागली होती.

रविवारी देवळात सगळे जमले. अमृतप्पा खुर्चीवर. उमाजी खांबाला टेकून खाली. आम्ही पायरीखाली. त्याला शेवटचं विचारलं, त्याने मान हलवली, आणि मग त्यानेच असं काहीतरी म्हटलं की पोरीचं शिकणं झालं तेवढं बस, उद्या पाहुण्यांना होकार कळवतो, पण हात लावणार नाही. प्रतीक्षा माझ्या शेजारी उभी होती. ती रडली वगैरे नाही. ओढणीचं टोक दातात धरून उभी राहिली.

मग मी पायरी चढले. मी काही फार विचार केला होता असं नाही, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "ते मत माझं हाय. म्या शपथ घेतली न्हवती, बायका उचलत न्हाईत. म्हणून दिलं."

 सगळे एकदमच बोलायला लागले. मास्तरीण आहे, नवऱ्याच्या घरी नांदली नाही, हिच्याकडून दुसरं काय होणार, हे सगळं पाच मिनिटांत बोलून झालं. ऐकताना मला विशेष वाटलं नाही. हे सगळे शब्द जुनेच होते, आज एकत्र आले एवढंच.

आता खरी गोष्ट तुला माहीत आहे. माझं मत त्या मशीनमध्ये नव्हतंच. निवडणुकीच्या ड्युटीवर असणाऱ्यांचं मत टपालाने जातं, ते गावच्या बूथमध्ये मोजत नाहीत. गावाला मशीन माहीत आहे, टपाल माहीत नाही. अमृतप्पाला माहीत असणार, पण त्याला नाव हवं होतं, खरं-खोटं नको होतं. आणि अजून एका माणसाला माहीत होतं. ट्रेनिंगच्या दिवशी मला गाडीवरून तालुक्याला नेलं होतं ते अप्पांनी. तिथेच मी टपाली मत भरून पेटीत टाकलं आणि बाहेर येऊन त्यांना सांगितलं होतं की माझं झालं, मतदानादिवशी तुम्ही अव्वाला तेवढं घेऊन जा.

मी बोलले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. एरवी बघतात तसं नाही, हिशेब लागत नसलेल्या माणसासारखं. अव्वा, मी, ते स्वतः आणि तू. अव्वाचा हात धरून ते स्वतः यंत्रापर्यंत गेले होते, ती अंधुक दिसतं म्हणून बटण त्यांनीच दाखवलं. उरलं कोण, हे समजायला त्यांना फार वेळ लागला नाही. मतदानापासून ज्याचं नाव सगळ्यांना सांगत होते, त्याच्यापाशीच येऊन ते थांबले असणार.

ते उठले. देवापुढे जाऊन म्हणाले, "मत माझ्याच घरचं. उमाजीच्या घरचं न्हाई. म्या दोनदा उचलला, दोन्ही बारीला खोटा ठरलो. माझं काय करायचं ते करा." आणि पागोटं काढून उंबऱ्यावर ठेवलं.

अप्पांना डोकं उघडं टाकून गावातून चालत जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी मागून चालले.  घरी आल्यावर अव्वाला पाणी मागितलं.

गावाने त्यांना पाच सोमवार देवळाची झाडलोट सांगितली आहे. आज पहिला झाला.

भुवी


मल्लनवाडी
१८ जानेवारी

अण्णा,

केंद्राचा आदेश आला. नवे प्रवेश बंद. चालू विद्यार्थ्यांची शेवटची परीक्षा होईपर्यंत वर्ग सुरू राहतील, खर्च मुलांच्या फीमधून भागवावा. म्हणजे सरकारने विद्यापीठ चालवायचं ते मुलांनीच चालवायचं. महेशकुमारने गावात पेढे वाटले, शब्द पाळला म्हणून, आणि तो पाळला हे मान्य करायला हवं. आदेशाच्या शेवटी अर्थखात्याच्या संमतीने, असं आहे. ती संमती कोणी दिली, महेशकुमारला ठाऊक नसेल. मलाही ठाऊक नाही. पण कोणीतरी दिली, आणि ते वाचून मला बरं वाटलं.

मला मात्र पुढच्या सत्राला बोलावलेलं नाही. पाहुण्याला काढायला कारण द्यावं लागत नाही. माझ्या जागी चिटगुप्प्याचा एक मुलगा आला आहे, बरा शिकवतो असं प्रतीक्षा म्हणते. ती रोज येते आहे. जाता-येता आपल्या दारात थांबून काय झालं ते सांगते, तेवढाच माझा तास होतो. उमाजीने सोयरीक उन्हाळ्यापर्यंत लांबवली. त्याचा माझ्यावर राग आहे. त्याला वाटतं, मी आधीच बोलायला हवं होतं. त्याला खरं सांगता येत नाही, त्यामुळे मी ऐकून घेते. मी तालुक्याच्या एका शिकवणीच्या वर्गात अर्ज दिला आहे. बघू.

अप्पांचे सोमवार झाले. त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुझं नाव पुन्हा घरात बंद झालं. मला वाटलं, आता ते कायमचं.

काल अंगणवाडीची निलम्मा मतदार याद्यांचं काम घेऊन आली. घरोघर जाऊन कोण मेलं, कोण सोडून गेलं ते विचारते. नावं वाचत तुझ्यापाशी थांबली. गावातले चार जण तिच्याबरोबर होते, अमृतप्पाही होता. ती म्हणाली, हे बेंगळुरूला ऱ्हायला गेलेत ना, खोडू का. तो नियमच आहे, चूक नव्हती तिची. मी आतून बाहेर आले.

अप्पा ज्वारी निवडत होते. सूप खाली ठेवलं नाही, वरही बघितलं नाही. म्हणाले, "राहू दे बाई. मताला येतंय त्ये."

निलम्माने पेन्सिल कानाला लावली आणि पुढच्या घराकडे गेली. अप्पांनी ज्वारीतले चार खडे काढले, मग मला म्हणाले, लिहायलीस ना त्याला, तर वाटाणे निघालेत म्हणून कळव. रस्त्याकडच्या रानातले नव्हेत, ते रान आता आपलं नाही. विहिरीकडच्या तुकड्यातले आहेत.

म्हणून कळवते आहे. आणि हे पाकीट फाडून टाकू नकोस. त्यावरचा पत्ता मी लिहिलेला नाही. अक्षर बघितलंस तर तुला ओळखू येईल.

भुवी